पाणी गार झालं म्हणून गळ गुंडाळू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघे भाऊ टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहता. जूनपासून जवळजवळ दर शनिवारी संध्याकाळी लेक टावाकोनीच्या स्टेट पार्कात काठावर बसून चिकन लिव्हरवर कॅटफिश धरलेत, कधी चार, कधी सहा. दसऱ्याच्या आसपास हे अचानक थांबलं. जागा तीच, वेळ तीच, चारा तोच, आणि तीन शनिवार रिकाम्या हाताने परत. आता विचारताय की पाणी गार झाल्यावर कॅटफिश खाणं सोडतो का, आणि सामान मार्चपर्यंत गॅरेजमध्ये ठेवून द्यावं का.

ठेवू नका. मी या तलावावर एकवीस वर्षं मासे धरतोय आणि माझे मोठे मासे जवळजवळ सगळे नवरात्र ते संक्रांत या दिवसांतले आहेत. मासा उपाशी बसलेला नाही. त्याचं खाणं ज्या बाजूला गेलं, त्या बाजूला तोही गेला. तुम्ही मात्र जूनच्या जागेवर, जूनच्या वेळेला, जूनचा चारा घेऊन बसला आहात. या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. का बदलायच्या ते आधी सांगतो, कारण कारण कळलं की जागा तुमची तुम्हालाच सापडते.

सगळ्यात आधी, कोणता कॅटफिश? आपण सरसकट एकच नाव घेतो, पण टावाकोनीत तीन आहेत आणि थंडीत तिघांची वागणूक तीन तऱ्हांची असते. तुम्हाला उन्हाळ्यात लिव्हरवर मिळाले ते बहुतेक चॅनेल कॅटफिश. लहान असताना अंगावर काळे ठिपके, शेपटी दुभंगलेली, आणि पोटाखालच्या शेपटीकडच्या पराची कड गोलसर. दुसरा ब्लू कॅटफिश. त्याचीही शेपटी दुभंगलेली, पण अंगावर ठिपके नाहीत, रंग निळसर करडा, आणि तोच पर न्हाव्याच्या कंगव्यासारखा लांब, सरळ कडेचा. शंका आली तर त्या परातले काटे मोजा. तीस किंवा जास्त भरले तर ब्लू. तिसरा फ्लॅटहेड, चपट्या डोक्याचा, खालचा जबडा पुढे आलेला, शेपटी दुभंगलेली नाही. फ्लॅटहेडला जिवंत मासा हवा असतो आणि पाणी पन्नास अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे दहा सेल्सिअसच्या खाली गेलं की तो खोलात जाऊन जवळपास निश्चल पडून राहतो. चॅनेल मंदावतो, पण थांबत नाही. आणि ब्लू? त्याचा हंगाम तर आता सुरू होतोय. टेक्सासचा ब्लू कॅटफिशचा विक्रमी मासा 121.5 पौंडांचा, म्हणजे पंचावन्न किलोंचा. लेक टेक्सोमावर 16 जानेवारी 2004 रोजी, ऐन कडाक्यात, आणि तोही होडीतून नव्हे, काठावरून धरलेला. थंडीत काठावर बसून काय मिळणार, असं कोणी म्हणालं की मी एवढं एकच सांगतो.

आता पाण्याचं. ऑगस्टमध्ये तलावात पोहला असाल तर आठवा, वरचं पाणी कोमट असतं आणि पाय खाली सोडले की एका ठरावीक खोलीवर एकदम गार लागतं. वरचं हलकं पाणी आणि खालचं जड पाणी उन्हाळाभर एकमेकांत मिसळत नाही. तळाशी पडलेला पालापाचोळा कुजतो, कुजताना खालच्या थरातला प्राणवायू संपवतो, आणि वरून नवा येत नाही. मग तिथे मासा राहू शकत नाही. टावाकोनी उथळ आहे, वारा भरपूर, त्यामुळे सगळीकडे असा पक्का थर बसत नाही. पण धरणाजवळच्या खोल भागात बसतो. उन्हाळ्यात खोल तळाशी गळ टाकून तासन् तास काही न लागण्याचं हेच कारण.

ऑक्टोबरमध्ये रात्री गार होतात. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं, आणि एका वाऱ्याच्या दिवशी तलाव वरपासून खालपर्यंत ढवळून निघतो. ते तीन-चार दिवस, कधी आठवडा, पाणी गढूळ तपकिरी दिसतं, तळातला कचरा वर येतो आणि गटारासारखा वास सुटतो. त्या दिवसांत मासा विखुरलेला असतो आणि खायच्या मनःस्थितीत नसतो. तुमच्या तीन रिकाम्या शनिवारांपैकी निदान एक त्यात गेला असणार. असा वास आला तर मुख्य पाणी सोडून ओढ्यांच्या टोकाला जा. तिथे मुळात थरच नव्हते, त्यामुळे काही बिघडलेलंही नसतं.

ढवळणं संपलं की मात्र सगळा तलाव माशाला मोकळा होतो. गार पाण्यात प्राणवायूही जास्त मावतो. तीस सेल्सिअसला एका लिटरमध्ये साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तर दहा सेल्सिअसला अकराच्या वर. तीस फुटांवर बसणारा मासा तीन फुटांवर येऊ शकतो, आणि येतोही. उन्हाळ्यात मासा कुठे जाऊ शकत नाही ते पाहून जागा काढायची. आता तसा अडसर उरत नाही, म्हणून फक्त त्याचं जेवण कुठे आहे ते पाहायचं.

जेवण म्हणजे शॅड. हा चंदेरी, काट्यांनी भरलेला मासा, आपल्याकडच्या पाला (हिल्सा) माशाच्या कुळातला. गिझर्ड शॅडच्या कल्ल्यामागे गडद ठिपका असतो, थ्रेडफिनची शेपटी पिवळसर. दोन्ही झुंडीने राहतात. शरदात या झुंडी मोकळं पाणी सोडून ओढ्यांमध्ये, खाड्यांसारख्या आत शिरलेल्या भागांत, वाऱ्याच्या तोंडाच्या काठांना जमतात. त्यांच्यामागे व्हाइट बास आणि हायब्रिड स्ट्रायपर हे शिकारी मासे येतात, वरून झुंडीवर तुटून पडतात, आणि अर्धवट कुरतडलेले, जखमी शॅड खाली पडतात. तळाशी ब्लू कॅटफिश तोंड उघडून उभा असतो.

एकदा नोव्हेंबरच्या शेवटी मी सहा पौंडांचा ब्लू साफ करायला घेतला. पोट हाताला टणक लागलं आणि दाबल्यावर आतून खुळखुळ आवाज आला, खिशात चिल्लर असावी तसा. कापून पाहिलं तर शिंपल्या. नखाएवढ्या, अख्ख्या, तीसेक तरी, आणि त्यांच्यामध्ये चार शॅड, त्यातला एक इतका ताजा की खवले अजून चमकत होते. या माशाने सकाळभरात कडक तळावर शिंपल्याही वेचल्या होत्या आणि वरून पडलेले शॅडही घेतले होते. तेव्हापासून मी धरलेल्या प्रत्येक माशाच्या पोटावरून हात फिरवतो. खुळखुळ लागली की समजायचं, मासे चिखलावर नाहीत, कडक तळाच्या शिंपल्यांच्या पट्ट्यावर आहेत, आणि पुढचा गळ तिथेच टाकायचा. तुम्ही मासे घरी नेऊन साफ करत असाल तर पोट उघडून बघायची सवय लावा. दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही.

मग शॅड शोधायचे कसे? तुमच्याकडे होडी नाही, सोनार नाही, तरी डोळे आहेत. थंडीबरोबर सीगल येतात, पांढरे पेलिकन येतात, काळे पाणकावळे येतात. पाण्यावर घिरट्या घालून सीगल एकाच जागी सूर मारत असतील तर खाली झुंड आहे. पाणकावळे ओळीने बुड्या मारत पुढे सरकत असतील तर ते झुंड हाकत आहेत. पाणकावळ्यांच्या रात्रीच्या वस्तीची वाळलेली झाडं पाण्यात उभी असतात. त्यांच्याखाली ब्लू हमखास फिरतो, कारण वरून विष्ठा आणि निसटलेले मासे पडत राहतात. सकाळी वारा पडलेला असताना पाण्याकडे तिरकं बघा. पावसाचे चार थेंब पडावेत तशी बारीक टिपटिप एका पट्ट्यात दिसेल, ते शॅड. गाडीतून उतरल्याबरोबर रॉड काढू नका. दहा मिनिटं नुसते उभे राहून बघा. माझे आजोबा भीमेवर शिंगट्याला, म्हणजे आपल्याकडच्या कॅटफिशला, गळ टाकायचे, ते आधी डोहाच्या काठावर बसून तंबाखू मळत पाणी बघायचे, आणि लहानपणी मला तो वेळ वाया वाटायचा.

पक्षी दिसले नाहीत तर वाऱ्यावर भरवसा ठेवा. शॅड पाण्यातले सूक्ष्म जीव खातात, आणि ते वाऱ्याबरोबर ढकलले जातात. दोन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला की सगळं अन्न वाऱ्याच्या समोरच्या काठाला साचतं. स्टेट पार्क तलावाच्या दक्षिण काठाला आहे, म्हणजे उत्तरेचा वारा सुटला की लाटा थेट तुमच्या तोंडावर येतात. लोक अशा वेळी आडोशाच्या शांत पाण्यात जाऊन बसतात, कारण तिथे बसायला बरं वाटतं. तुम्ही उलट करा. लाटा जिथे आदळून पाणी गढूळ करतायत, जमिनीचा एखादा सुळका जिथे पाण्यात शिरलाय, तिथे उभे राहा. वाऱ्यावर फेकताना त्रास होतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांब फेकायची गरजच नसते. गढूळ पट्टा जिथे स्वच्छ पाण्याला मिळतो, ती रेघ काठापासून वीस-तीस पावलांवर असते. गळ त्या रेघेवर पडला पाहिजे.

डिसेंबर लागला की हिशोब जरा बदलतो. आता ऊबही मोजायची. दक्षिणेचा वारा दोन-तीन दिवस वाहिला आणि ऊन लख्ख पडलं की वरचं कोमट पाणी उत्तरेच्या काठाला साचतं. दुपारी दोन-तीन वाजता तिथे चार फूट पाण्यातही मोठे ब्लू येतात. पाच अंश फॅरनहाइटचा फरक माणसाला जाणवत नाही, माशाला जाणवतो. दगडी बांध, पुलाच्या भरावाचे दगड उन्हात तापतात आणि शेजारचं पाणी किंचित उबदार ठेवतात. 276 क्रमांकाच्या रस्त्यावरचा लांब पूल आहे, त्याच्या दोन्ही टोकांचे दगड याच कारणासाठी मला आवडतात. फक्त रस्त्याच्या कडेला गाडी लावण्याचे नियम पाळा.

उत्तरेच्या थंड लाटेचं वेगळं सांगायला हवं, कारण टेक्सासमध्ये शरद सरळ उताराने येत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी येतो. चार दिवस दक्षिणेचा दमट वारा, मग एका दुपारी आकाशात निळा-काळा पट्टा, आणि तासाभरात वीस-तीस अंश फॅरनहाइट खाली. लाट येण्याआधीचे सहा-आठ तास, हवेचा दाब उतरत असताना, मासा आधाशासारखा खातो. लाट गेल्यावर आकाश धुतल्यासारखं निळं होतं, दाब चढतो, आणि चॅनेल एक-दोन दिवस तोंड उघडत नाही. ब्लू दुसऱ्या दिवशी दुपारपासून परत सुरू होतो. तुम्हाला शनिवारच मोकळा असतो, त्यामुळे निवड नाही, पण शुक्रवारी लाट गेली असेल तर शनिवारी भल्या पहाटे जाऊ नका, दुपारी जा.

आता चारा. लिव्हर उन्हाळ्यात का चाललं? कोमट पाण्यात वास झपाट्याने पसरतो आणि कॅटफिशच्या तर अंगभर, मिशांवर, परांवर चवीच्या कळ्या असतात, एक लाखाहून जास्त. तो अंगानेच चव घेतो. गार पाण्यात तेल घट्ट होतं, कुजकट वासाचे विकतचे गोळे नीट विरघळत नाहीत, आणि लिव्हर गळावरून गळून पडतं ते वेगळंच. शिवाय या दिवसांत मासा शॅडच्या मागावर असतो. त्याला रक्ताचा ओला, ताजा वास हवा. म्हणून ताजा शॅड, त्याच दिवशी धरलेला. फेकजाळं शिका. टेक्सासमध्ये चौदा फूट व्यासापर्यंतचं जाळं चालतं, नवख्याला सहा फुटांचं पुरे. सकाळी ओढ्याच्या तोंडाशी किंवा बोट उतरवायच्या उताराजवळ चार-पाच वेळा फेकलं की दिवसाचा चारा मिळतो. अंगणात हिरवळीवर बादलीचा व्यास डोळ्यापुढे ठेवून आठवडाभर फेकत राहा. पाण्यावर जाऊन शिकायला बसलात तर सकाळ त्यातच जाईल.

धरलेला शॅड बर्फात ठेवा, पण वितळलेल्या पाण्यात भिजू देऊ नका. रक्त धुऊन गेलं की तो चारा उरत नाही, नुसता मासा उरतो. मी पिशवीत घालून बर्फावर ठेवतो आणि वर मूठभर जाडं मीठ टाकतो, मांस घट्ट राहतं. कापताना सुरी कल्ल्यामागून तिरकी घालायची, डोक्याबरोबर आतडी आणि काळीज आलं पाहिजे. हा डोक्याचा तुकडा सगळ्यात भारी. कडक असतो, बारके मासे कुरतडू शकत नाहीत, आणि मोठ्या ब्लूला सवयीचा असतो. उरलेल्या अंगाचे बोटभर रुंदीचे आडवे तुकडे. गळ एकदाच आरपार काढा आणि टोक पूर्ण उघडं ठेवा. मांसात टोक दडलेलं राहिलं तर मासा चारा नेतो आणि तुम्ही बघत बसता. आणि दर वीस मिनिटांनी तुकडा बदला. पांढरा पडलेला, रक्त गेलेला तुकडा पाण्यात ठेवून दोन तास वाट पाहणारे लोक मी दर थंडीत पाहतो. एक खबरदारी: ज्या माशांना टेक्सासच्या नियमात गेम फिश म्हणतात, बास, क्रॅपी, खुद्द कॅटफिशसुद्धा, ते चारा म्हणून वापरता येत नाहीत.

सामानाचं फार बोलत नाही, तुमच्याकडे असलेला सात फुटी मध्यम जाड रॉड चालेल. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तीस पौंड ताण सोसणारा घ्या. त्यावर सरकतं शिसं दोन-तीन औंसांचं, मग फिरकी, मग पुढे दीड-दोन फूट चाळीस-पन्नास पौंडांचा जाड तंगूस आणि गळ. त्या दोन फुटांत गळापासून चार बोटं अलीकडे एक छोटा लांबुळका बुचासारखा तरंडा अडकवा, म्हणजे चारा चिखलात न रुतता तळापासून वितीभर वर राहतो. एवढ्याशा गोष्टीने माझे मासे वाढले.

गळ मात्र बदलाच. सर्कल हुक घ्या, 7/0 किंवा 8/0 मापाचा मोठा, ज्याचं टोक आत वळलेलं असतं. तो जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही, म्हणून सोडलेला मासा जगतो. पण त्याची एक अट आहे: झटका द्यायचा नाही. आपला हात लहानपणापासून झटक्याला शिकलेला. रॉडचं टोक हललं की उचल! माझ्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात रॉड कमानीसारखा वाकला, मी सवयीने दोन्ही हातांनी मागे ओढलं, आणि गळ नुसता तोंडातून सरकून बाहेर आला. रिकामा तंगूस हातात आला तेव्हा पाण्यावर पाठ दिसली होती, माझ्या मांडीएवढी रुंद. आता मी रॉड स्टँडमध्येच ठेवतो. टोक एकदा थरथरतं, थांबतं. परत थरथरतं. हात मागे बांधून ठेवायचे. मग टोक हळूहळू खाली जायला लागतं, वर येतच नाही, बुंध्यापर्यंत वाक पडतो. तेव्हा रॉड उचलून फक्त रीळ फिरवायचं, गळ आपोआप बसलेला असतो. गार पाण्यात ही सगळी क्रिया आणखी संथ होते. उन्हाळ्यात पाच सेकंद लागतात, जानेवारीत अर्धा मिनिटही लागू शकतो.

किती वेळ एका जागी बसायचं? ऑक्टोबरात वीस मिनिटं, डिसेंबरात पस्तीस-चाळीस. तेवढ्यात टोकाला काही हललं नाही तर पन्नास पावलं सरका. काठावरून मासे धरणाऱ्यांची थंडीतली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे खुर्ची. खुर्ची, शेगडी, कूलर असा संसार मांडला की माणूस उठत नाही. मी फक्त बादली नेतो. तीच बसायला, तीच चाऱ्याला.

पुढे कधी होडी घेतलीत किंवा कोणाबरोबर गेलात तर वाऱ्यावर होडी सोडून अर्धा मैल प्रति तास किंवा त्याहूनही संथ गतीने चारे तळाजवळून ओढत नेणं हे इथलं थंडीचं आवडतं तंत्र आहे. पण त्याआधी एक ऐका. टावाकोनी सदतीस हजार एकरांच्या आसपासचा आणि उथळ आहे, म्हणून वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात. एका नोव्हेंबरात उत्तरेच्या थंड लाटेचा अंदाज संध्याकाळचा होता, ती दुपारी दोनलाच आली. आम्ही तिघे मधोमध होतो. दहा मिनिटांत होडीच्या नाकावरून पाणी आत यायला लागलं, बोटं इतकी बधिर की नांगराची दोरी सुटेना, शेवटी कापली. जवळच्या खाडीत शिरून तीन तास थांबलो. पन्नास अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, पट्टीचा पोहणारा असला तरी. लाइफ जॅकेट बाकाखाली असून उपयोग नाही, अंगावर हवं. तेरा वर्षांखालच्या मुलांना होडी चालू असताना ते घालणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे. परत निघताना होडीतलं सगळं पाणी काढून टाका. झेब्रा शिंपल्या एका तलावातून दुसऱ्यात अशाच जातात, आणि टेक्सासभर तसा नियमच आहे.

परवान्याचं विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण दिवाळीत तुमचे आईवडील येणार असं लिहिलंय. टेक्सासचा वर्षाचा मासेमारी परवाना 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असतो. मागच्या सप्टेंबरनंतर काढलेला या ऑगस्टअखेर संपला, तो नवा काढलात का पाहा. सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. स्टेट पार्कच्या काठावरून मासे धरताना कोणालाच लागत नाही, त्यामुळे बाबांना तिथे खुशाल रॉड हातात द्या. पार्कबाहेर मात्र पाहुण्यालाही परवाना हवा, एक दिवसाचाही मिळतो. किती आणि केवढे मासे ठेवायचे याचे टावाकोनीला राज्याच्या सर्वसाधारण नियमांपेक्षा वेगळे नियम आहेत, मोठ्या माशांवर खास मर्यादा आहे. त्या वर्षीचे नियम फोनवर उघडून ठेवा.

आणि नियम काहीही म्हणोत, दहा पौंडांवरचा ब्लू सोडून द्या, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती. तीस-चाळीस पौंडांचा मासा पंधरा-वीस वर्षांचा असू शकतो. त्याचं मांस चरबट आणि उग्र लागतं, आणि त्याची जागा भरायला तलावाला तुमची मुलं मोठी होईपर्यंतचा काळ लागतो. फोटो काढायचा तर मासा आडवा, दोन्ही हातांवर धरा, कल्ल्यात बोटं घालून लटकवू नका. खाण्यासाठी दोन ते पाच पौंडांचा उत्तम. काट्यांची काळजी घ्या, पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक, आपल्या शिंगट्यासारखेच. छोट्या माशाचे काटे जास्त तीक्ष्ण असतात. हात पाठीमागून, बाजूच्या परांच्या खाली घट्ट बसवायचा. काटा घुसलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा, ठणका उतरतो. सूज वाढली तर डॉक्टर.

घरी आणल्यावर खवले नाहीत म्हणून कातडीसकट शिजवू नका, चिखलाचा वास तिथेच असतो. कातडी पकडीने ओढून काढा आणि तुकड्याच्या बाजूने जाणारी तांबूस-तपकिरी मांसाची पट्टी सुरीने खरवडून टाका. पुष्कळ लोक म्हणतात कॅटफिशला वास येतो. तो या पट्टीचा. मग हळद, मीठ आणि कोकमाच्या आगळात अर्धा तास, वर आलं-लसूण आणि लाल तिखट, आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून तव्यावर मध्यम आचेवर. थंड पाण्यातल्या माशाचं मांस उन्हाळ्यातल्यापेक्षा घट्ट असतं, तुकडा तव्यावर फुटत नाही. आई येतील तेव्हा त्यांना नुसता तुकडा दाखवा, बाकीचं त्या करतील.

येत्या शनिवारसाठी एवढंच करा. शुक्रवारी रात्री वाऱ्याची दिशा बघा, मागच्या दोन दिवसांची. सकाळी नऊपर्यंत जाळं फेकून डझनभर शॅड बर्फात घाला. दोघे वेगळ्या सुळक्यांवर उभे राहा, एक लाटांच्या तोंडावर आणि एक त्याच्या शेजारच्या खाडीच्या मुखाशी, आणि ज्याला आधी लागेल त्याच्याकडे दुसऱ्याने जा. संध्याकाळी घरी असलात तरी चालेल, पण अकरा ते चार तुम्ही पाण्यावर हवेत. पहिल्या माशाचं पोट उघडलंत की आत काय निघालं ते मला नक्की कळवा.